टॅलिलिन रेल्वे : दरी समजून घेण्यासाठी निघालेल्या प्रवाशाच्या नजरेतून

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टविन या छोट्या गावातून निघून अबरगनॉलविन या खाणकामगारांच्या गावाजवळून पुढे नांट ग्वेर्नॉलपर्यंत जाणारी टॅलिलिन रेल्वे आज पर्यटकांची गाडी म्हणून ओळखली जाते. वाफेची इंजिने आणि जुन्या धाटणीचे डबे यांसाठी लोक लांबून येतात, आणि त्या अंगाने तिच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. या परीक्षणात मी तिच्याकडे निराळी अपेक्षा ठेवून पाहिले आहे. ज्या दगडासाठी आणि ज्या गावाच्या आधाराने ही वाट घातली गेली, तो दगड आणि ते गाव समजून घ्यायला ही सेवा कितपत उपयोगी पडते, हा माझा प्रश्न आहे. माझे मत आधीच नोंदवतो. दरीचा भूगोल ही गाडी फार चांगला दाखवते, खाणीच्या व्यापाराचा इतिहासही नीट सांगते. मात्र अबरगनॉलविन गाव ती डोंगराच्या कडेने, वरच्या वर ओलांडून जाते, आणि बहुतेक प्रवासी ते गाव न पाहताच परततात.

टविनला पोहोचणे अवघड नाही. बर्मिंगहॅमहून माखन्लेथमार्गे किनाऱ्याने जाणारी मोठी रेल्वे टविनला थांबते आणि तेथून छोट्या गाडीचे वार्फ स्थानक चालत काही मिनिटांवर आहे. ही दोन स्थानके इतकी जवळ का, याचे उत्तर इतिहासात आहे. डोंगरातील ब्रिन एग्लुइस खाणीत १८४०च्या दशकात काम सुरू झाले, तेव्हा तेथील स्लेट, म्हणजे आपण ज्याला पाटीचा दगड म्हणतो तो, तट्टांच्या पाठीवर लादून डोंगरापलीकडे पेनल येथे डोवी नदीच्या काठी नेत, तेथून होड्यांनी अबरडवी बंदरात आणि मग जहाजांत चढवीत. हा खर्च आणि हे हाल यांमुळे खाण मोठी होऊ शकत नव्हती. १८६३ मध्ये किनाऱ्याची रेल्वे टविनला आली आणि हिशेबच बदलला. खाणीतून थेट टविनपर्यंत रूळ टाकले, की माल मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत चढवता येणार होता. वार्फ हे मूळचे मालाची चढउतार करण्याचे ठिकाण होते, प्रवाशांचे नव्हे; आजचे तिकीटघर, उपाहारगृह आणि संग्रहालय त्याच जागेवर उभे आहे.

पैसा आला तो मँचेस्टरहून, आणि येथे मराठी वाचकाला थोडे थांबावेसे वाटेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हातात अमाप पैसा खेळू लागला, शेअरबाजाराचे वेड शिगेला पोहोचले आणि युद्ध संपताच १८६५च्या जुलैमध्ये ते सगळे कोसळले. त्याच टंचाईने मँचेस्टरच्या मॅककॉनेल या सूतगिरणीवाल्या घराण्याला उलट्या दिशेने ढकलले. गिरण्या अडल्या तेव्हा पैसा दुसरीकडे गुंतवावा, म्हणून विल्यम मॅककॉनेल यांनी वेल्समधील या स्लेट खाणीत उडी घेतली, आणि टॅलिलिन रेल्वेच्या कायद्याला संमती मिळाली तीही १८६५च्या जुलैमध्येच. मुंबईतील दिवाळखोरी आणि वेल्सच्या एका आडदरीतील रूळ एकाच कापसाच्या धाग्याने बांधलेले असावेत, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अधिक विचार करायला लावणारी वाटते. ती स्थानकावर ठळकपणे सांगितली गेली असती, तर भारतातून येणाऱ्या प्रवाशांसाठी तरी या सहलीचे मोल वाढले असते.

गाडीची रचनाही त्या घाईच्या काळाची साक्ष देते. दोन रुळांतील अंतर दोन फूट तीन इंच आहे; नेरळ-माथेरानच्या गाडीचे दोन फूट आहे, यावरून आकाराची कल्पना यावी. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले, तेव्हा मार्गावरील पुलांच्या कमानी फारच अरुंद असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. डबा आणि कमान यांच्यामध्ये अडचणीच्या वेळी दार उघडून बाहेर पडण्याइतकी जागाच नव्हती. पूल पाडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. मॅककॉनेल यांनी सुचवले, की डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करावीत आणि पुलाखाली रूळ मध्यावरून थोडे बाजूला सरकवावेत. ही युक्ती मान्य झाली आणि आजही दारे एकाच बाजूला उघडतात. पुलाखालून जाताना एका अंगाची भिंत चेहऱ्याजवळून सरकते आणि दुसऱ्या अंगाला मोकळी जागा राहते, ती यामुळे. रेल्वेचे मूळ चार डबे आणि गार्डचा डबा अजून टिकून आहेत. त्या गार्डच्या डब्यालाच तिकिटाची खिडकी होती, म्हणजे वाटेतील स्थानकांवर तिकीटघर गाडीबरोबरच येत असे. जुन्या डब्यांतील बाके लाकडी आणि पाय पसरायला जागा बेताची, हे उंच प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष प्रवासाबद्दल. वार्फ ते नांट ग्वेर्नॉल हे अंतर सव्वासात मैलांचे, म्हणजे बारा किलोमीटरला थोडे कमी, आणि वर जायला साधारण तासभर लागतो. गाडीचा वेग मंद आहे, आणि भूगोल पाहण्यासाठी निघालेल्याला तो मंदपणाच हवा असतो. टविन सोडल्यावर रूळ एका रुंद, सपाट तळाच्या दरीच्या दक्षिण बाजूने हळूहळू चढू लागतात. खाली कुरणे, मेंढ्या, दगडी कुंपणे, आणि मधून व्हाथ्यू नावाचा एक छोटा ओहोळ. दरी इतकी मोठी आणि पाणी इतके थोडे, ही विसंगती लक्ष देणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासातच खटकते. एवढी दरी या ओहोळाने कोरली असणे शक्य नाही. बाला भ्रंश नावाची एक मोठी भेग ईशान्येकडून सरळ रेषेत येथपर्यंत आली आहे. तिच्या कडेचा दगड भरडला जाऊन कमकुवत झाला, आणि हिमयुगात हिमनदीने त्याच रेषेने खरवडत ही दरी रुंद केली.

खरी नदी डिसिनी. ती वरच्या टॅलिलिन तळ्यातून निघते, याच भेगेने खाली येते, आणि ज्या ठिकाणी तिने सरळ या दरीतून टविनकडे जावे असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते, त्या ठिकाणी, अबरगनॉलविनपाशी, एकाएकी उजवीकडे वळून एका अरुंद खिंडीतून शेजारच्या दरीत निघून जाते. रेल्वेने जी दरी निवडली ती अशी नदीने सोडून दिलेली दरी आहे. खुद्द टॅलिलिन तळेही असेच चमत्कारिक आहे. डोंगराचा एक प्रचंड कडा घसरून खाली आला आणि त्याच्या ढिगाऱ्याने पाणी अडले, म्हणून तेथे तळे झाले. रेल्वेला या तळ्याचे नाव असले, तरी रूळ तेथपर्यंत कधीच गेले नाहीत. तळे पाहायचे असेल, तर अबरगनॉलविनहून रस्त्याने पुढे जावे लागते. नाव वाचून तळ्याच्या अपेक्षेने गाडीत बसणाऱ्यांना हे तिकीट काढण्यापूर्वी कळलेले बरे.

ब्रिन्ग्लास स्थानकानंतर डोंगर जवळ येतो आणि डोल्गॉख स्थानकाच्या अलीकडे गाडी एका घळीवरील तीन कमानींच्या पुलावरून जाते. पुलाची उंची ५१ फूट आहे. डब्यात बसून पूल दिसत नाही, केवळ खालची झाडे आणि पाण्याचा आवाज जाणवतो. पूल पाहायचा तर डोल्गॉखला उतरून धबधब्यांच्या वाटेने खाली जावे लागते. इंजिन येथे पाणी भरते, त्यामुळे गाडी थोडी थांबते, पण त्या वेळात धबधबा पाहून परत येऊ असे कोणी समजू नये. डोल्गॉखला उतरून पुढची गाडी पकडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. वाटेत उतरण्याची मुभा आपल्या तिकिटात आहे का, हे वार्फच्या खिडकीवर विचारून घ्यावे.

यापुढचे अबरगनॉलविन स्थानक गावात नाही. गावाच्या अलीकडे, डोंगराच्या कडेवर, झाडीत ते आहे. परतीच्या प्रवासात गाडी येथे चहापाण्यापुरती थांबते, प्रवासी उपाहारगृहात जातात आणि शिट्टी झाली की डब्यात येऊन बसतात. मोठ्या गाड्यांच्या दृष्टीने ही सोय ठीक आहे, स्थानकही नेटके आहे. पण आपण अबरगनॉलविन पाहिले असे म्हणत घरी जाणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात केवळ त्याच्या नावाची पाटी पाहिलेली असते. गाव अर्ध्या मैलावर, खालच्या अंगाला आहे आणि ते पाहिल्याशिवाय या रेल्वेचे निम्मे कथानक हाती लागत नाही.

१८६०च्या दशकापर्यंत येथे पांडी आणि कुर्ट अशा दोन लहान वस्त्या होत्या. खाण वाढली, कामगारांना घरे हवी झाली, आणि खाणीच्या मालकांनी दोन वस्त्यांच्या मधल्या जागेत ओळीने घरे बांधून त्यांचे एक गाव केले. भरभराटीच्या काळात खाणीत सुमारे ३०० माणसे कामाला होती. घरे स्लेटची, छपरे स्लेटची, अंगणांच्या कडाही स्लेटच्या. या दगडाचे डोंगरातील थर ऑर्डोव्हिशियन कालखंडातील, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चिखलाचे आहेत, आणि दाबाखाली त्यांना असे पदर पडले की छिन्नीच्या ठोक्याने पातळ पाट्या सुटाव्यात. हे सारे घरांकडे पाहताना हाताने चाचपता येते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती गावाच्या उताराची गोष्ट. रूळ गावाच्या बरेच वरून जात असल्यामुळे वरच्या मार्गापासून खाली गावापर्यंत एक तीव्र उताराचा लोहमार्ग घातला होता. वर चक्रघर होते; तेथील मोठ्या चाकाला गुंडाळलेल्या दोराने वाघिणी खाली सोडत आणि वर ओढून घेत. खाली पोहोचल्यावर रूळ घरांच्या मागील दारांवरून जात, त्यामुळे कोळसा आणि इतर सामान थेट परसात पोहोचे, आणि घरांतील घाणही त्याच वाघिणींतून बाहेर नेली जाई. एकोणिसाव्या शतकातील एका खाणगावात मालगाडी स्वयंपाकघराच्या दाराशी येत होती, हे आज त्या शांत गल्लीत उभे राहून पटत नाही. पुढे मार्ग नांट ग्वेर्नॉलपर्यंत वाढवताना चक्रघर पाडले गेले. वाट वाढवण्यासाठी ते कदाचित अटळ असेल, तरी गाव आणि रेल्वे यांचे नाते दाखवणारी सर्वांत बोलकी वास्तू त्यात गेली, याची खंत वाटते.

नांट ग्वेर्नॉल हे शेवटचे स्थानक २२ मे १९७६ रोजी प्रवाशांसाठी उघडले. त्याआधी प्रवासी गाडी अबरगनॉलविनलाच थांबत असे आणि पुढचा मार्ग केवळ खाणीच्या मालाचा होता. येथे रस्ता येत नाही. गाडीने यावे किंवा पायवाटेने. बहुतेक प्रवासी इंजिन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत फलाटावर उभे राहतात आणि परततात. ज्याला खाण पाहायची आहे, त्याने मात्र येथेच उतरावे. स्थानकाच्या टोकापासूनच जुना उतारमार्ग वर चढतो. भरलेल्या वाघिणी उतरताना त्यांच्याच वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. इंजिनाची गरजच नव्हती. आज तेथे जंगल खात्याने लावलेली सूचिपर्णी झाडे आहेत, आणि झाडांमध्ये दगडी भिंती, टाकाऊ स्लेटचे ढीग, उतारमार्गांचे बांध दिसतात. चढ दमवणारा आहे, पावसात स्लेट अतिशय निसरडी होते, आणि पाऊस या भागात नित्याचाच. चांगल्या बुटांवाचून जाऊ नये, आणि पडझडीला आलेल्या भिंती व खाणीची तोंडे यांच्यापासून लांब राहावे. २६ डिसेंबर १९४६ रोजी खाणीचा एक भाग कोसळला, आणि ती असुरक्षित ठरून लगेच बंद झाली. त्या घटनेने गावाचा धंदा संपला.

खाण बंद झाल्यावर रेल्वेही बंद व्हायला हवी होती. ती का झाली नाही, हा या सेवेच्या इतिहासातील दुसरा मोठा भाग, आणि तो प्रवाशांना आवर्जून सांगितला जातो. १९११ मध्ये स्थानिक खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे विकत घेतली होती. आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, असे त्यांचे वचन होते. १९४७च्या कायद्याने ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा टॅलिलिनचे नाव त्यात नव्हते, आणि ती खासगीच राहिली. रूळ झिजले होते, गवतात बुडाले होते, तरी गाडी चालत होती. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या इम्पीरियल हॉटेलात लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभा बोलावली, स्वयंसेवकांची संस्था स्थापन झाली, आणि १४ मे १९५१ रोजी त्यांची पहिली गाडी निघाली. बंद पडू घातलेली रेल्वे स्वयंसेवकांनी चालवण्याचा जगातील हा पहिला प्रयोग. त्या वेळी धड चालणारे एकच इंजिन होते. शेजारच्या दरीतील कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद झाली होती, आणि योगायोगाने तिच्याही रुळांमध्ये तेच दुर्मीळ दोन फूट तीन इंचांचे अंतर होते. तिची उरलेली दोन इंजिने १९५१ मध्ये विकत घेऊन या मार्गावर आणली गेली. त्यांचे क्रमांक आधीच तीन आणि चार होते, आणि टॅलिलिनकडे एक आणि दोन क्रमांकांची इंजिने होती, त्यामुळे रंगवायचा खर्चही वाचला.

सेवेचा दर्जा या स्वयंसेवकांवरच उभा आहे. गार्ड, सिग्नलवाले, तिकीट देणारे यांतील अनेक जण सुट्टी काढून येथे काम करतात; प्रश्न विचारला तर उत्तर उत्साहाने आणि तपशिलाने मिळते. या उत्साहाचा कल मात्र इंजिनांकडे अधिक आहे. बॉयलरचा दाब, चाकांची रचना, कोणते इंजिन कोणत्या वर्षी दुरुस्त झाले, हे कोणीही सांगेल. खाणीतील माणूस काय खात होता, कोणत्या प्रार्थनामंदिरात जात होता, वेल्श भाषेतच त्याचे सारे आयुष्य कसे गेले, हे ऐकायला स्वतःहून विचारावे लागते. वार्फ स्थानकावरील अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय अत्यंत नेटके आहे, तरी तेही मुख्यतः यंत्रांचे संग्रहालय आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा स्लेट प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्याच्या सहा भागांपैकी एक ब्रिन एग्लुइस खाण, अबरगनॉलविन गाव आणि ही रेल्वे मिळून बनलेला आहे. युनेस्कोने खाण, गाव आणि रूळ या तिघांना एकत्र धरले आहे, आणि माझी तक्रार तेवढीच आहे, की प्रवाशाच्या वाट्याला या तिघांपैकी रूळच जास्त येतात.

एक पूर्ण दिवस हाताशी असेल, तर गाडी सोडून डिसिनी नदी ज्या खिंडीतून गेली तिच्यामागे जावे. चारपाच किलोमीटरवर लानव्हिहँगेल अ पेनांटची दरी लागते. तेथे खडकाच्या उंचवट्यावर कास्टेल अ बेरे हा उद्ध्वस्त किल्ला आहे. वेल्सचा राजा थोरल्या लेवेलिनने १२२१ च्या सुमारास तो बांधायला घेतला, १२८३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डच्या सैन्याने तो जिंकला, आणि १२९४-९५च्या उठावानंतर तो ओस पडला. गाडीच्या दरीतून पाहता या बाजूला एवढा महत्त्वाचा किल्ला असेल अशी शंकाही येत नाही. पण जुना राजमार्ग कोणत्या बाजूने जात असावा, याचा विचार करायला तो लावतो. याच दरीत मेरी जोन्स या विणकराच्या मुलीचे घर होते. १८०० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, वेल्श बायबल मिळवण्यासाठी ती २६ मैल चालत बाला गावी गेली, आणि तिच्या त्या चालण्याची आठवण १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन होण्याशी जोडली जाते. पुढे या संस्थेच्या मुंबई शाखेने मराठी बायबलेही छापली. थोडे खाली क्रेग अर अडेरिन हा सुळका आहे. समुद्र आता बराच लांब गेला असला, तरी पाणकावळे अजून याच कड्यावर घरटी करतात. एके काळी लाटा येथवर येत होत्या, याचा याहून चांगला पुरावा कोणत्या फलकाला देता आला नसता.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुले बरोबर असतील तर, सकाळच्या पहिल्या गाडीने नांट ग्वेर्नॉल गाठावे, तेथून पायवाटेने गावात उतरावे, दुपारी अबरगनॉलविन स्थानकावर येऊन परतीची गाडी पकडावी आणि डोल्गॉखसाठी संध्याकाळ राखावी. खाणीचा चढ मोठ्यांपुरता ठेवावा. गाड्या मुख्यतः वसंत ऋतूपासून शरदापर्यंत धावतात आणि हिवाळ्यात फारच थोड्या असतात, त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय टविनचे तिकीट काढू नये. नुसती वाफेची गाडी अनुभवायची असेल, तर ब्रिटनमध्ये याहून भव्य गाड्या पुष्कळ आहेत. एखादा दगड, एक नदी आणि एक गाव एकमेकांना कसे घडवतात हे पाहायचे असेल आणि पाय चालवायची तयारी असेल, तर मात्र माझ्या माहितीत या मार्गाला तोड नाही.